घर कुणाचं आणि सांभाळ कुणाचा? दिव्यांग मुलाच्या किंवा मुलीच्या निवाऱ्याचा कायदा, सोप्या भाषेत

दोन समजुती सर्रास ऐकू येतात. एक अशी की, मूल दिव्यांग असेल तर त्याला घराबाहेर काढताच येत नाही. दुसरी अशी की, मूल सज्ञान झालं की आईवडिलांची जबाबदारी संपली, पुढे त्यांची मर्जी. दोन्ही अर्धवट आहेत, आणि वडिलांच्या तेराव्यानंतर जे वाद उभे राहतात त्यातले बरेचसे या अर्धवट माहितीवरच पोसलेले असतात. थोरल्याला वाटत असतं की धाकट्याकडे बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे त्याची सही लागायचीच नाही. आईला वाटत असतं की सोसायटीत मुलीला नॉमिनी केलंय, म्हणजे फ्लॅट तिचाच झाला. दोघंही चुकतात.

या विषयात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. घराची मालकी कुणाकडे हा एक, आणि दिव्यांग व्यक्तीला सांभाळणार कोण हा दुसरा. आपल्याकडे 'जो सांभाळेल त्याला घर' असं म्हणून दोन्हींची गाठ एकत्र मारली जाते. ती सुटी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. का, ते पुढे येईलच.

आधी बघायचं: घर आलं कुठून?

अपंगत्व किती टक्के आहे यावरून घरातला हक्क ठरत नाही. घर कुणाच्या नावावर आहे आणि त्या नावावर ते कसं आलं, यावरून ठरतो.

वडिलांनी किंवा आईने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर स्वकष्टार्जित. त्यावर त्यांच्या हयातीत मुलांपैकी कुणाचाच मालकी हक्क नसतो, धडधाकट मुलाचा नाही आणि दिव्यांग मुलाचाही नाही. एकत्र हिंदू कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मुलाला आणि २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही जन्मतःच हिस्सा असतो. वडील तेव्हा हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. अशा हिस्सेदाराला 'चालता हो' म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मात्र 'आजोबांचं होतं म्हणजे वडिलोपार्जितच' हा हिशेब दर वेळी बरोबर येत नाही. आजोबा १९५६नंतर मृत्युपत्र न करता वारले आणि त्यांचं स्वतःच्या कमाईचं घर वारसाने वडिलांकडे आलं असेल, तर ते साधारणपणे वडिलांचं वैयक्तिक धरलं जातं. जुने कागद वकिलाला दाखवल्याशिवाय भांडायला उभं राहू नये.

'म्हणजे आईवडील दिव्यांग मुलाला काढू शकतात?'

घर स्वकष्टार्जित असेल तर केवळ मालकी हक्काच्या बाजूने उत्तर 'हो' असंच येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६मध्ये म्हटलं होतं की मुलगा आईवडिलांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांच्या मर्जीने राहतो, हक्काने नाही. तो निकाल दिव्यांग मुलाबद्दल नव्हता, पण तत्त्व सर्वांना लागू होतं.

इथे पालनपोषणाचा कायदा मध्ये येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४नुसार (हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं) शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचं पोट भरू न शकणारं अपत्य सज्ञान झाल्यावरही ऐपतदार वडिलांकडून पोटगी मागू शकतं. लग्न झालेली मुलगी तेवढी या तरतुदीत येत नाही. म्हणजे 'अठरा पूर्ण झाली, आता तुझं तू बघ' हे कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ऐकवता येत नाही. पण पोटगीचा आदेश पैशांचा असतो. तो अमुक घरात, अमुक खोलीत राहण्याचा आदेश नसतो.

मुलींची बाजू थोडी भक्कम आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं अनेकांना वाटतं. तो मुलीला, बहिणीला, आईलाही लागू होतो. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणाऱ्या स्त्रीला त्या घरातून कायदेशीर मार्गाशिवाय काढता येत नाही, घरावर तिचं नाव नसलं तरीही. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा अधोरेखित केलं. दिव्यांग मुलाला असा निवासाचा हक्क देणारा कायदा मात्र नाही. ही उणीव खरी आहे आणि कायदेमंडळानेच ती भरून काढायला हवी.

'आणि आईवडिलांनाच त्रास होत असेल तर?'

हा प्रश्न उपचार न घेतलेल्या तीव्र मानसिक आजाराच्या घरांत येतो, आणि तो विचारणारे आईवडील दुष्ट नसतात. सत्तरीची आई आणि चाळिशीतला, औषधं नाकारणारा, अंगावर धावून येणारा मुलगा. दोघांनाही संरक्षणाची गरज असते.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा कायदा आहे. महाराष्ट्रात त्याचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं. तिथे ज्येष्ठांना मुलांकडून निर्वाह भत्ता मागता येतो, आणि गरज पडल्यास मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेशही मिळू शकतो. पण तो मागितला की मिळालाच, असं नाही. प्रत्येक प्रकरणात बाहेर काढणं सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०२०मध्ये एका सुनेच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलं होतं की ज्येष्ठांचा कायदा पुढे करून दुसऱ्या कायद्याने मिळालेला निवासाचा हक्क आपोआप पुसता येत नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतात.

दुसऱ्या बाजूला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे. त्याचं कलम १९ मला फार महत्त्वाचं वाटतं. कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असं ते सांगतं. कुटुंबाने टाकून दिलेल्या व्यक्तीला कुटुंबाच्या घरात राहण्याचा आपला हक्क बजावता यावा म्हणून सरकारने कायदेशीर मदतीसह आधार द्यावा, असंही त्यात आहे. आणि घरी राहणं शक्यच नसेल, तर मधल्या टप्प्याची निवासस्थानं आणि सामूहिक घरं उभारण्याची किंवा त्यांना आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. अशी घरं गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत, आणि त्याची किंमत आई आणि मुलगा एकमेकांशी भांडून चुकवतात. कुटुंबाचा दोष म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, त्यातला मोठा भाग खरं तर न उभारलेल्या व्यवस्थेचा असतो.

वडील गेल्यावर: 'त्याला कशाला हिस्सा? त्याला काय कळतंय?'

हिंदू वारसा कायदा, १९५६च्या कलम २८नुसार कोणताही आजार, व्यंग किंवा विकृती यावरून कुणालाही वारसाहक्कातून वगळता येत नाही. जुन्या हिंदू कायद्यात असं वगळलं जात असे. १९२८च्या कायद्याने ते बरंचसं बंद केलं, तरी जन्मापासून वेडा किंवा मूढ मानल्या गेलेल्यांना बाहेरच ठेवलं. १९५६ने तोही अपवाद काढून टाकला. गावाकडे अजून 'असल्यांना हिस्सा नसतो' असं छातीठोकपणे सांगणारी भावकी भेटते. ती जवळपास सत्तर वर्षांपूर्वी संपलेला कायदा सांगत असते.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटे मिळतात. दिव्यांग मुलाचा वाटा एका पैशानेही कमी नसतो. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम १३मध्ये दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळवण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. हा कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना लागू होतो.

वाटणी होईपर्यंत घर सर्व वारसांचं सामाईक राहतं. सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या कमीजास्त असल्या तरी एकट्यादुकट्याला विहीर बुजवता येत नाही, तसंच या घराचं. एका भावाला आपला अविभक्त हिस्सा विकता येईल. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४नुसार, राहत्या कौटुंबिक घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला घरात घुसून इतरांसोबत ताबा मागता येत नाही. 'माझा हिस्सा बिल्डरला देतो, मग बघतो तू कसा राहतोस' या धमकीत म्हणूनच फारसा दम नसतो.

तलाठ्याकडची वारस नोंद किंवा फेरफार म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. सातबाऱ्यावर दिव्यांग बहिणीचं नाव लागलं नाही म्हणून तिचा हक्क गेला, असं होत नाही. तरीही नाव लावून घ्यावं. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी, कारण पुढचे व्यवहार त्याच कागदावर उभे राहतात.

हक्कसोडपत्र: खरा धोका इथे असतो

हिस्सा नाकारण्यापेक्षा तो सोडून घेणं सोपं, हे वाटण्या करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. 'तुला आम्हीच सांभाळणार आहोत, मग कागदावर नाव कशाला? उगाच सह्यांचा घोळ.' असं गोडीगुलाबीने सांगून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं जातं, अंगठा किंवा सही घेतली जाते, फोटो निघतो आणि हक्क संपतो.

कायदा इथे काय म्हणतो? करार करताना त्याचा अर्थ आणि आपल्या हिताहितावरचा परिणाम समजून घेण्याची क्षमता लागते. ती नसताना केलेला करार मुळातच रद्दबातल. क्षमता आहे, पण आजारामुळे किंवा परावलंबनामुळे माणूस समोरच्याच्या मुठीत आहे, अशा वेळी दबावाखाली सही झाली म्हणून कागद रद्द करून घेता येतो. या परिस्थितीचा करार कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक तरतूद आहे जी प्रत्येक कुटुंबाने वाचावी: दिव्यांग व्यक्तीला आधार देणाऱ्याचं स्वतःचं हित एखाद्या व्यवहाराच्या आड येत असेल, तर त्या व्यवहारात त्याने आधार देण्यापासून दूर राहिलं पाहिजे. केवळ नातेवाईक आहे म्हणून स्वार्थ गृहीत धरला जात नाही. पण ज्याच्या लाभात हक्क सोडला जातोय, तोच भाऊ 'मी त्याला समजावून सांगितलं' म्हणत असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष उघड आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. निदान झालंय म्हणून प्रत्येक सही बाद होत नाही. स्किझोफ्रेनियावर उपचार घेऊन स्थिर असलेली बहीण पूर्ण समजून-उमजून आपला हिस्सा विकू शकते, दान करू शकते. व्हीलचेअरवरच्या किंवा अंध माणसाच्या आकलनावर शंका घेण्याचं तर काही कारणच नाही. 'तिला कळत नाही' हे वाक्य कधी तिच्या रक्षणासाठी वापरलं जातं आणि कधी तिला बाजूला सारण्यासाठी. बोलणाऱ्याचा फायदा कशात आहे ते पाहिलं की यातलं कुठलं चाललंय ते समजतं.

पालकत्व: अठरानंतर आईवडीलही आपोआप पालक नसतात

हे ऐकून बहुतेक आया चमकतात. मूल सज्ञान झालं की कायद्याच्या नजरेत तो स्वतंत्र माणूस. बँकेत, निबंधकाकडे 'मी त्याची आई आहे' एवढं पुरत नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार स्थितींसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. त्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेऊ शकतात. समितीने आधी पालकाची गरज आहे का आणि कशासाठी आहे, हे तपासायचं असतं.

पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याला दिव्यांग व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दर वर्षी हिशेब सादर करावा लागतो. त्याने हेळसांड केली किंवा मालमत्ता हडप केली, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्यासाठी समितीकडे जाऊ शकतात. दुर्दैवाने ही यादी आणि हिशेब कुणी मागितल्याशिवाय पुढे येत नाहीत. म्हणून एखाद्या आत्याने, मामाने, शेजाऱ्याने तरी मागावेत.

मानसिक आजार या चार स्थितींत येत नाही. तिथे २०१६च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेनुसार.

'मी वीस वर्षं सांभाळलं, मग घर माझं का नाही?'

हा आक्षेप मी मनापासून गंभीर मानते. ज्या बहिणीने लग्न पुढे ढकललं, ज्या वहिनीने अंथरुणातल्या दिराची स्वच्छता केली, त्यांच्या कष्टाचा हिशेब आपल्या वाटणीपत्रात कुठेच नसतो. सांभाळणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे.

पण तो मोबदला म्हणून दिव्यांग व्यक्तीच्या डोक्यावरचं छप्पर देऊ नये. सांभाळणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर घर झालं, की दिव्यांग भाऊ कायमचा पाहुणा होतो. उद्या सांभाळणारा वारला, कर्जात बुडाला, त्याच्या मुलांनी घर विकायला काढलं, तर? त्याचा हेतू कितीही चांगला असो, त्याच्या वारसांनी कुठलाही शब्द दिलेला नसतो. सांभाळणाऱ्याला रोख रक्कम द्या, भाड्याचं उत्पन्न द्या, दुसऱ्या मिळकतीत मोठा वाटा द्या, पण सगळं लिहून द्या.

'बक्षीसपत्र करून घर थोरल्याला दिलं आणि धाकट्याला सांभाळायची अट घातली' हाही मार्ग वाटतो तितका सुरक्षित नाही. ज्येष्ठांच्या कायद्याच्या कलम २३नुसार, देणाऱ्याला सांभाळलं नाही तर अटीचं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. लक्ष द्या: देणाऱ्याला. म्हणजे आईवडिलांना. धाकट्या दिव्यांग भावाचा त्या कलमात उल्लेख नाही. त्याच्यासाठीची अट मोडली, तर दिवाणी दाव्याची वाट उरते, आणि आईवडील गेल्यानंतर ती वाट चालायची कुणी?

आईवडिलांनी हयातीतच काय लिहावं

मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी. हिंदू व्यक्ती आपली स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही देऊ शकते. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, तेव्हा तिथे वेगळा सल्ला घ्यावा.

पर्याय मुख्यतः तीन. घर थेट दिव्यांग अपत्याच्या नावावर करणं. किंवा मालकी दुसऱ्याला देऊन अपत्याला तहहयात राहण्याचा हक्क देणं. किंवा खाजगी विश्वस्त निधी, म्हणजे घर विश्वस्तांच्या नावावर आणि लाभ अपत्याचा. आपले व्यवहार सांभाळू शकणाऱ्यासाठी पहिला पर्याय सरळ आहे. ज्याला मोठा आधार लागतो त्याच्यासाठी मी तिसऱ्याकडे झुकेन. विश्वस्त किमान दोन असावेत आणि त्यातला एक तरी असा असावा ज्याला त्या घरात काहीच मिळणार नाही.

तहहयात हक्क लिहिताना मोघम शब्द नकोत. 'त्याला घरात राहू द्यावे' असं लिहिलं, की तीन वर्षांनी तो माळ्याखालच्या खोलीत गेलेला असतो. कोणती खोली, कोणतं स्वच्छतागृह, तळमजला की लिफ्ट, घरपट्टी आणि देखभाल खर्च कुणी भरायचा, इमारत पुनर्विकासाला गेली तर नव्या जागेत हक्क कसा चालू राहील, हे लिहा. पुनर्विकासाचा मुद्दा शहरांत हमखास विसरला जातो.

आणि नॉमिनेशन. सोसायटीत नॉमिनी केलेली व्यक्ती मालक होत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर ती तात्पुरती सदस्य ठरते, खरे वारस ठरेपर्यंत. मृत्युपत्र एक सांगतं आणि नॉमिनेशन दुसरंच, असं झालं की पोराला कोर्टाची पायरी चढावी लागते.

वाद पेटलाच तर

कुलूप बदललं, सामान बाहेर टाकलं, तर आपसात मिटेल म्हणून थांबू नका. कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा हिरावला गेला, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६खाली मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं असेल, तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. ती शेजारी किंवा संस्थाही करू शकते. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो.

वकील परवडत नाही, ही अडचण इथे यायला नको. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. वाटणीचा दावा चालू असताना, स्वतःचं हित जपू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. कोर्टाबाहेर 'मिटवून टाकलं' असं म्हणून कुणी कागद पुढे केला, तर पहिला प्रश्न तोच: परवानगीचा आदेश कुठे आहे?

ज्याचं घर, त्याला विचारलं का?

कौटुंबिक बैठकीत दिव्यांग व्यक्ती बहुतेक वेळा आतल्या खोलीत असते. पण दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि ठरावीक व्यवस्थेतच राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये, असं २०१६च्या कायद्याचं कलम ५ सांगतं. तिला भावाकडे राहायचंच नसेल. तिला वसतिगृहात, मैत्रिणीबरोबर, किंवा राष्ट्रीय न्यासाच्या घरौंदा योजनेसारख्या सामूहिक घरात राहून बघायचं असेल. किंवा तिला त्याच घरात, त्याच खिडकीशी राहायचं असेल आणि बाकी काही नको असेल. बोलता येत नसेल तर चित्रं दाखवा, जागा दाखवायला न्या, दोन-चार दिवस राहून पाहू द्या. हे आईवडील हयात असताना करावं, कारण ती काय म्हणतेय हे सगळ्यांत चांगलं त्यांनाच समजतं. तिने जे सांगितलं ते तारखेसह लिहून मृत्युपत्राला जोडा, आणि एक प्रत अशा माणसाकडे द्या ज्याचा त्या घरात वाटा नाही.